विलगवासानंतरचें बंदर

(ज्युबिलीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेंत धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें पूर्ण झालीं. त्या आनंदाच्या निमित्तानें जी व्याख्यानमाला योजिली आहे तींत मींहि एक भाषण करावें अशी समितीची आज्ञा झाली. विषय कोणता घ्यावा असें मीं विचारलें तेव्हां समितीच्या एका वयोवृद्ध सभासदांनीं सुचविलें कीं, गेल्या वर्षीं आपण सफरीच्या जहाजानें जाऊन आलांत, तेथें आजारीहि पडलांत, तर त्याविषयींच चार शब्द सांगा. ही सूचना मला पटली. कारण आपल्या धर्मग्रामांतून सांप्रत दोन प्रकारचीं माणसें जहाजावर जातात. एक, ज्यांची भाकरी त्या जहाजावर अवलंबून आहे असे आपले तरुण. आणि दुसरीं, ज्यांना परदेशीं नोकरीस असलेल्या मुलामुलींनीं लग्नाच्या वाढदिवशीं क्रूझचें तिकीट पाठविलें आहे असे आईबाप. एक वर्ग वाढतो, दुसरा जेवतो. परंतु एका गोष्टींत दोघे सारखे आहेत. आजार आला कीं दोघांच्याहि कोठडीचें दार लागतें, आणि तें दार उघडून पहिल्या बंदरावर पाऊल पडतें तेव्हां दोघांनाहि जो आनंद होतो तो एकच असतो.

त्या आनंदाविषयीं मला आज बोलावयाचें आहे. तो दिवस कसा जन्मास आला, तो कोणाच्या कष्टावर उभा असतो, आणि तो निर्मळ कसा राहील, असे तीन भाग मीं मनाशीं केले आहेत.

आजाऱ्याला कांहीं दिवस वेगळें ठेवावें ही कल्पना फार जुनी आहे. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय आपण पाहिला, तर तेथें त्वचेवर चट्टा उठलेल्या मनुष्याला याजकाकडे आणावें, याजकानें त्याला सात दिवस वेगळें ठेवावें, सातव्या दिवशीं पुन्हा पाहावें, आणि संशय राहिला तर आणखी सात दिवस ठेवावें, असा नियम घालून दिलेला आढळतो. परंतु पुढचा, म्हणजे चौदावा अध्याय आपण बहुधा वाचीत नाहीं. मनुष्य बरा झाला म्हणजे याजकानें स्वतः छावणीबाहेर त्याच्याकडे जावें, त्याला तपासावें, आणि तो शुद्ध झाला आहे असें जाहीर करून त्याला परत छावणींत आणावें, अशी त्यांत आज्ञा आहे. म्हणजे ज्यानें दार लावावयाचें त्यानेंच तें उघडावयाचें. विलगवासाचे हे दोन अर्धे भाग आहेत, आणि पहिला जितका आवश्यक तितकाच दुसराहि. माझ्या आजच्या बोलण्याचें सार यांतच आहे.

आतां बंदराकडे वळूं. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आज क्रोएशिया देशांत ड्युब्रॉव्हनिक नांवाचें तटबंदीचें शहर आहे. पूर्वीं तें रगूझा या नांवानें एक स्वतंत्र लोकराज्य होतें. या शहराला शेती थोडी. त्याचें सर्व जीवित जहाजांवर. १३४८ सालीं युरोपांत जी भयंकर महामारी पसरली तिनें हें शहरहि सोडलें नाहीं. रोग जहाजांबरोबर येतो हें तर डोळ्यांना दिसत होतें. वेस बंद करावी तर व्यापार बुडून शहर उपाशी मरणार. वेस उघडी ठेवावी तर रोगानें मरणार. अशा पेचांत या नगराच्या महासभेनें २७ जुलै १३७७ रोजीं एक ठराव केला. साथीच्या मुलखांतून येणाऱ्यानें प्रथम एक महिना म्रकान नांवाच्या खडकाळ बेटावर किंवा त्सावतात या गांवीं काढावा, आणि मगच शहरांत यावें. मध्यंतरीं शहरांतील कोणी त्यांस भेटावयास गेलाच, तर त्यानेंहि तेथेंच एक महिना राहावें. जगाच्या इतिहासांत बंदरावरच्या विलगवासाचा हा पहिला कायदा मानला जातो.

या ठरावांत मला एक गोष्ट विशेष दिसते. त्यांत येऊं नका असें म्हटलेलें नाहीं. थांबा, आणि मग या, असें म्हटलें आहे. पुढें तीस दिवसांचे चाळीस दिवस झाले. इटालियन भाषेंत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून ‘क्वारंटीन’ हा शब्द झाला, आणि आपल्याकडच्या जुन्या बोलण्यांत त्याचेंच ‘कारंटीन’ झालें. चाळीस या अंकाला उपवासकाळामुळें जें स्थान आहे त्यामुळेंच तो निवडला गेला असावा असें कित्येक अभ्यासकांना वाटतें. व्हेनिस नगरानें १४२३ सालीं नाझरेथच्या मरियेच्या नांवाचें देवालय असलेल्या एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठीं कायमचें रुग्णालय स्थापिलें, आणि १४६८ सालीं संशयित जहाजांच्या माणसांसाठीं व मालासाठीं दुसरें बेट राखून ठेविलें. ‘लाझरेट’ हा शब्द तेथून सर्व बंदरांत पसरला.

गंमत अशी कीं, ज्यांनीं हे नियम केले त्यांना रोगाचें खरें कारण ठाऊक नव्हतें. प्लेगचा जंतु येर्सां या शास्त्रज्ञानें हाँगकाँग येथें शोधून काढला तो १८९४ सालीं. आणि तो उंदरांवरच्या पिसवांतून माणसांत येतो हें सिमों यानें कराचींत प्रयोगानें दाखविलें तें १८९८ सालीं. मधल्या काळांत, १८९६ सालीं, तोच प्लेग मुंबई बंदरांत उतरला होता. १८९७ च्या साथरोग कायद्यानें सरकारला मोठे अधिकार मिळाले, आणि पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरून जी झडती चालविली तिची कटु आठवण महाराष्ट्राच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं. त्याच वेळीं, त्याच पुण्यांत, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्या सेवेंतच १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. साथ एकच, परंतु दारावर कोण येतो व काय भावनेनें येतो यावर विलगवास शिक्षा ठरतो कीं सेवा, हें ठरतें.

असो. हें सर्व जुनें झालें असें वाटत असतांनाच २०२० सालीं तें पुन्हा आपल्या डोळ्यांपुढें आलें. ‘डायमंड प्रिन्सेस’ नांवाचें सफरीचें जहाज ३ फेब्रुवारी २०२० रोजीं जपानच्या योकोहामा बंदरापाशीं येऊन थांबलें. त्यावर ३,७११ माणसें होतीं. त्यांपैकीं ७१२ जणांना कोविडची बाधा झाली. प्रवासी आपापल्या कोठड्यांत बंद होते. परंतु त्यांच्या दाराशीं तीन वेळां जेवण नेणारे, अंथरुणें धुणारे, स्वयंपाक करणारे खलाशी बंद नव्हते, त्यांना तसें राहणें शक्यच नव्हतें. त्या जहाजावर जे १३८ भारतीय होते त्यांपैकीं १३२ जण नोकरवर्गांतले होते, हें आपण विसरूं नये.

त्याच महिन्यांत दुसरें एक जहाज, ‘वेस्टरडॅम’, बंदर शोधीत फिरत होतें. जपान, तैवान, फिलिपाइन्स, ग्वाम आणि थायलंड या पांच ठिकाणीं त्याला नकार मिळाला. त्यावर १,४५५ प्रवासी व ८०२ नोकर होते. शेवटीं कंबोडियासारख्या गरीब देशानें आपलें सिहानूकव्हिल बंदर त्याला उघडून दिलें, आणि १३ फेब्रुवारी रोजीं तें धक्क्याला लागलें. दुसऱ्या दिवशीं त्या देशाचे पंतप्रधान स्वतः प्रवाशांना गुलाबाचीं फुलें देण्यास उभे होते. त्यांत राजकारण असेल, नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु जवळजवळ दोन आठवडे ज्यांना कोणी दारांत उभें केलें नव्हतें, त्यांच्या पायांखालीं जमीन आली, ही गोष्ट तेवढीच खरी आहे.

आतां दुसरा भाग. सफरीच्या जहाजावर आजकाल जो आजार बहुधा उद्भवतो तो कोविड नव्हे, प्लेग तर नव्हेच. तो उलट्या व जुलाबांचा. त्याच्या जंतूला नोरोव्हायरस म्हणतात. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत नॉर्वॉक या गांवच्या शाळेंत १९६८ सालीं जी साथ आली तिच्यावरून हें नांव पडलें, आणि १९७२ सालीं तो सूक्ष्मदर्शकाखालीं प्रथम दिसला. शरीरांत शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत तो उलटी करवितो, आणि बहुधा एक ते तीन दिवसांत बरें वाटूं लागतें. निरोगी मनुष्याला तो क्वचितच मारतो. वृद्धांना व बालकांना मात्र शरीरांतील पाणी जाऊन धोका होतो. पण त्याचा खोडसाळपणा असा कीं, अगदीं थोडे विषाणु, शंभराच्या आंत, पोटांत गेले तरी पुरतात. दाराच्या मुठीवर, जिन्याच्या कठड्यावर, वाढण्याच्या चमच्यावर ते टिकून राहतात. आणि हाताला लावावयाच्या मद्यार्काच्या द्रवाला ते फारसे दाद देत नाहींत. त्यांना साबण आणि वाहतें पाणीच पाहिजे. एकाच भोजनगृहांत दोन-तीन हजार माणसें जेथें जेवतात तेथें असा आजार किती लवकर फिरेल हें सांगणें नलगे. म्हणून जहाजाच्या डॉक्टरांचा नियम असा असतो कीं, उलट्या-जुलाब पूर्ण थांबल्यावरहि निदान २४ ते ४८ तास रोग्यानें कोठडीबाहेर पडूं नये.

हा नियम मला स्वतःला पाळावा लागला. व्हेनिसच्या उत्तरेकडील एका बंदरांतून निघाल्यावर दुसऱ्याच रात्रीं मला उलट्या सुरू झाल्या. सकाळीं डॉक्टरीण बाई आल्या, त्यांनीं तपासलें, मीठसाखरेचें पाणी दिलें, आणि मी तीन दिवस कोठडींत राहावें असें सौम्यपणें पण निश्चयानें सांगितलें. माझ्या कोठडीला खिडकी होती, ती उघडत मात्र नव्हती. त्या कांचेंतून एक बंदर आलें आणि गेलें. लोक टोप्या घालून शिडीवरून उतरले व संध्याकाळीं हातांत पुडकीं घेऊन परतले. मनुष्य पन्नाशी उलटून गेला तरी अशा वेळीं त्याला वर्गाबाहेर उभें केलेल्या मुलासारखें वाटतें, हें मीं अनुभवलें. दुपारचे तास विशेष लांब असतात. जप होतो, वाचन होतें, आणि तरीहि घड्याळाचा कांटा हलत नाहीं.

त्या तीन दिवसांत मला मनुष्याचें दर्शन होई तें एकाच तरुणाचें. तो गोव्याचा, तिसवाडी तालुक्यांतला. दिवसांतून तीन वेळां तो दार ठोठावी, जेवणाचें तबक उंबऱ्याबाहेर ठेवी, चार पावलें मागें सरे, आणि मीं दार उघडलें म्हणजे तेथूनच विचारी, “फादर, आज बरें आहे ना?” त्याच्या तोंडावर मुखपट्टी, हातांत रबरी मोजे, दिसत ते फक्त डोळे. मीं आभार मानले कीं तो “देव बरें करूं” म्हणे व पुढच्या दाराकडे जाई. त्या मजल्यावर माझ्यासारखीं आणखी सात-आठ दारें बंद होतीं असें मला मागाहून कळलें.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं डॉक्टरीण बाईंनीं मला मोकळें केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जहाज ड्युब्रॉव्हनिकला लागावयाचें होतें, आणि मीं खालीं उतरण्यास हरकत नाहीं असें त्यांनीं सांगितलें. त्याच रात्रीं कोठडींतील टेलिफोन वाजला. पलीकडे तो तरुण होता. त्यालाहि त्या दुपारीं उलट्या सुरू झाल्या होत्या, आणि आतां तो खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या कोठडींत, बंद होता.

तो म्हणाला, “फादर, उद्यां मला चार तासांची सुट्टी होती. सात महिन्यांत या बंदरावर मला एकदांहि उतरतां आलें नाहीं. तेथें सां ब्रासचें चर्च आहे. आमच्या गांवाजवळ गवंडाळीलाहि सां ब्रासचें चर्च आहे. आईच्या गळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, म्हणून मेणबत्ती लावीन असें मीं तिला कळविलें होतें. माझ्याऐवजीं आपण लावाल का?”

मीं म्हटलें, “लावीन, बाळा. तूं पाणी पीत राहा.”

श्रोतेहो, हा आजार त्याला माझ्याकडून गेला कीं शेजारच्या दारांतून, हें कोणताहि डॉक्टर सांगूं शकणार नाहीं. परंतु माझें दार उघडण्यासाठीं जो तीन दिवस त्या दाराशीं आला, त्याचेंच दार माझ्या सुटकेच्या दिवशीं लागलेलें होतें. किनाऱ्यावरचा आनंद कोणाच्या कष्टावर उभा असतो असें मीं आरंभीं म्हटलें, त्याचें उत्तर मला पुस्तकांत शोधावें लागलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी ग्रूझच्या धक्क्यावर उतरलों. हा धक्का जुन्या शहरापासून थोडा दूर, सुमारें तीन किलोमीटरवर आहे. तेथून शहराच्या बसनें पश्चिमेच्या पिले वेशीपाशीं गेलों. बंधुभगिनींनो, आजारांतून उठलेल्या मनुष्याला जग किती स्वस्तांत आनंद देतें! पायांखालीं न हलणारा दगड, तोंडावर खरें वारें, भाकरीच्या दुकानांतून येणारा वास, शाळेंत चाललेलीं मुलें, कोणाच्या तरी गॅलरींत वाळत घातलेले कपडे. वेशीच्या आंत शिरतांच ओनोफ्रिओ नांवाच्या कारागिरानें पंधराव्या शतकांत बांधलेलें मोठें कारंजें आहे. सुमारें बारा किलोमीटरवरच्या झऱ्याचें पाणी त्यानें येथें आणलें. सोळा दगडी मुखवट्यांच्या तोंडांतून तें पाणी पडतें, आणि आजहि तें पिण्याजोगें आहे. मी तेथील पायरीवर बसलों, हात धुतले, ओंजळीनें पाणी प्यालों, आणि पुष्कळ वेळ उठलोंच नाहीं. समोरच फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. त्यांतील औषधालय १३१७ सालापासूनचें. म्हणजे विलगवासाचा कायदा होण्यापूर्वीं साठ वर्षें तेथें औषधें कुटलीं जात होतीं.

तेथून स्त्रादुन नांवाचा राजमार्ग सरळ पूर्वेकडे जातो. शतकानुशतकांच्या पावलांनीं त्याचे चुनखडीचे दगड इतके गुळगुळीत झाले आहेत कीं पाऊस पडून गेल्यासारखे चकाकतात. त्याच्या टोकाला संत ब्लेझ यांचें देवालय आहे. पोर्तुगीज भाषेंतले सां ब्रास ते हेच. या संतांचा सण ३ फेब्रुवारीस असतो, आणि त्या दिवशीं दोन मेणबत्त्या आडव्या धरून गळ्याला आशीर्वाद देतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. वेदीवर त्यांची सोनेरी मुलामा दिलेली रुप्याची मूर्ति आहे, आणि त्या मूर्तीच्या हातांत सबंध शहराची लहानशी प्रतिकृति आहे. १६६७ च्या भूकंपापूर्वीं शहर कसें होतें तें त्यावरून कळतें. रगूझाचे व्यापारी सोळाव्या शतकांत गोव्यापर्यंत येत, आणि गवंडाळीच्या देवालयाचा संबंध त्यांच्याशींच जोडला जातो. म्हणजे त्या मुलाच्या गांवाजवळचें नांव आणि हें शहर यांच्यामध्यें एक जुना जलमार्ग होता. मीं त्याच्या आईसाठीं मेणबत्ती लावली. दुसरी त्याच्यासाठीं लावली.

पूर्वेच्या प्लोचे वेशीबाहेर आलें म्हणजे समुद्राच्या कांठीं लांबट दगडी इमारतींची एक रांग लागते. सतराव्या शतकांत बांधलेलें हेंच तें जुनें लाझरेट. पूर्वेकडून आलेले व्यापारी आणि त्यांचा माल येथें राहत. माल वाऱ्यावर टाकीत, माणसें दिवस मोजीत. भिंत एकीकडे, समुद्र दुसरीकडे, आणि शहराची वेस हांकेच्या अंतरावर. आज तेथें गाणें-बजावणें आणि प्रदर्शनें होतात. कोणे एके काळीं ज्या आंगणांत लोक सुटकेची वाट पाहत, त्याच आंगणांत उत्सव होतात, हें मला योग्यच वाटलें. मी तेथील भिंतीला टेकून लोक्रूम बेटाकडे पाहत बसलों. तट चढलों नाहीं, संग्रहालय पाहिलें नाहीं. साडेतीन तासांत एवढेंच पाहिलें, आणि इतकें समाधान मला कोणत्याहि प्रवासांत झालेलें नाहीं.

परत आल्यावर त्या मुलाला टेलिफोन केला. कारंज्यापासून वेदीपर्यंत सर्व सांगितलें. त्यानें मूर्तीच्या हातांतील शहर किती मोठें आहे, एवढेंच दोनदां विचारलें. तिसऱ्या दिवशीं तो कामावर रुजू झाला. पण गेलेलें बंदर त्या फेरींत परत आलें नाहीं.

आतां तिसरा भाग, आणि तो व्यवहाराचा आहे. असा दिवस आपणांपैकीं कोणाच्या वांट्यास आला तर तो निर्मळ कसा राहील? मीं जें पाहिलें व डॉक्टरांकडून ऐकलें त्यावरून कांहीं गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट, आजार लपवूं नये. तिकिटाचे पैसे मोजले आहेत, उद्यांचें बंदर बुडेल, म्हणून पुष्कळ प्रवासी दोन गोळ्या घेऊन मुकाट्यानें भोजनगृहांत जातात. एका बंदराच्या लोभानें ते शंभर जणांचें बंदर बुडवितात, आणि त्यांत सर्वांआधीं बुडतें तें वाढणाऱ्याचें. ज्यानें सांगितलें तो तीन दिवसांत मोकळा होतो. ज्यानें लपविलें त्याच्यामुळें साऱ्या जहाजाचे नियम कडक होतात.

दुसरी, सुटका म्हणजे शुद्धि नव्हे. बरें वाटल्यानंतरहि दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ हा विषाणु शरीरांतून बाहेर पडत राहतो. म्हणून शौचानंतर व जेवणापूर्वीं साबणानें नीट हात धुवावे, सामायिक भांड्यांत चमचा घालूं नये, कोणाच्या बाळाला मुका घेऊं नये. शहर आपल्याला वेशींतून आंत घेतें तें विश्वासानें. त्या विश्वासाला जपलें पाहिजे.

तिसरी, अर्धेंच शहर पाहावें. तीन दिवसांचें नुकसान एका दिवसांत भरून काढूं म्हणणारा मनुष्य दुपारीं सांवलींत आडवा पडलेला दिसतो. पोट अजून नाजूक असतें. भात, पाव, केळें, थोडें मीठ आणि पुष्कळ पाणी, एवढ्यावर भागवावें. बसावयास जागा दिसली कीं बसावें. बसून जें दिसतें तें चालून दिसत नाहीं.

चौथी, जहाजाची वेळ पाळावी. घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावावें आणि शिडी उचलण्यापूर्वीं तासभर अगोदर परतावें. जहाज कोणाची वाट पाहत नाहीं.

पांचवी गोष्ट मी आपल्या खलाशांच्या घरच्या मंडळींसाठीं सांगतों. बंदरावर उतरण्याची सुट्टी ही मालकाची मेहरबानी नव्हे. २००६ सालीं जो आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार झाला, तो २० ऑगस्ट २०१३ पासून अमलांत आला, आणि २०१५ सालीं भारतानेंहि तो स्वीकारला. कामाच्या गरजा सांभाळून खलाशाला त्याच्या आरोग्यासाठीं व स्वास्थ्यासाठीं किनाऱ्यावर जाऊं द्यावें असें त्यांत स्पष्ट आहे. नोकरींत असतांना तो जहाजावर आजारी पडला तर त्याची शुश्रूषा व वेतन यांचीहि त्यांत तरतूद आहे. आपल्या मुलांना हें ठाऊक असूं द्या. २०२० सालाच्या अखेरीस जगांत सुमारें चार लाख खलाशी करार संपूनहि जहाजांवर अडकून पडले होते. कारण बंदरें माल घेत होतीं, पण माणसें घेत नव्हतीं. तांदूळ, तेल आणि औषधें आपल्या घरीं वेळेवर आलीं तीं या लोकांमुळें, आणि त्यांच्यासाठींच दार बंद होतें!

येथें आपल्या पूर्वजांची एक गोष्ट सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. मुंबईंत धोबीतलाव व माझगांव या भागांत गोव्याच्या गांवोगांवच्या लोकांनीं आपापल्या ‘कुडी’ उभारल्या. जहाजावरून उतरलेल्या तारवट्याला दुसरें जहाज मिळेपर्यंत तेथें निजावयास जागा, पेटी ठेवावयास कोपरा आणि संध्याकाळीं प्रार्थनेला वेदी मिळे. श्रीमंतांनीं बांधलेल्या त्या धर्मशाळा नव्हत्या. गरिबांनीं गरिबांसाठीं वर्गणी काढून चालविलेल्या होत्या. समुद्रावरून आलेल्या मनुष्याला कोणीतरी आंत घेतलें पाहिजे, हें त्यांना कायदा होण्यापूर्वीं कळलें होतें. उलट २०२० सालीं चौदा दिवसांचा विलगवास पुरा करून, दाखला घेऊन परतलेल्या खलाशांकडे ठिकठिकाणीं शेजारी संशयानें पाहत होते; कोणी त्यांना विहिरीवर येऊं देईना, कोणी त्यांच्या मुलांना खेळूं देईना. दार लावण्याचा अर्धा नियम आपण पाळला आणि उघडण्याचा अर्धा विसरलों. तो आपण येथून पुढें विसरतां कामा नये.

बंधुभगिनींनो, ज्युबिली हा शब्द मूळ हिब्रू भाषेंतला. मेंढ्याच्या शिंगाचा जो कर्णा वाजवीत त्यावरून तो आला. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचें वर्णन आहे. त्या वर्षीं दासाला मोकळें करावयाचें, गहाण पडलेली जमीन मूळ धन्याकडे जावयाची, आणि प्रत्येकानें आपापल्या घरीं परतावयाचें. म्हणजे ज्युबिलीचें वर्ष हें पताका आणि रोषणाई यांचें वर्ष नव्हे. तें दार उघडण्याचें वर्ष होय. आपण पताका लावल्या, त्या शोभतात; मला त्यांचा आनंदच आहे. परंतु या वर्षाची आठवण म्हणून आणखी दोन गोष्टी व्हाव्या अशी माझी विनंती आहे.

एक, या धर्मग्रामांतील जीं मुलें आज समुद्रावर आहेत त्यांचीं नांवें, जहाजांचीं नांवें आणि परत येण्याचे महिने यांची एक वही देवालयाच्या कचेरींत ठेवावी; कोणी परत आला कीं त्या त्या वाड्यांतल्या दोघांनीं तरी त्याच्या घरीं जाऊन त्याला भेटावें. दुसरी, दीर्घ आजारानें ज्यांचें दार कित्येक महिन्यांपासून लागलेलें आहे अशा आपल्याच गल्लींतील वृद्धांना, डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशीं, कोणीतरी हाताला धरून बाहेर आणावें. त्यांना ड्युब्रॉव्हनिकला नेण्याची गरज नाहीं. तळ्याच्या कांठीं बसवावें, बाजारांतून एक फेरी मारावी, शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकापाशीं उभें करावें. मला साडेतीन तासांत जें मिळालें तें त्यांना अर्ध्या तासांत मिळेल.

 आपल्या धर्मग्रामाचीं पुढचीं पन्नास वर्षें सुखाचीं जावोत, समुद्रावरचीं आपलीं मुलें सुखरूप घरीं येवोत, आणि तीं येतील तेव्हां आपलें दार उघडें असो, एवढें बोलून मी आपली रजा घेतों.